खंडेनवमीला उघडलेलं मशीन

ज्याला हे खोटं वाटेल त्यानं इथंच थांबावं. मी कुणाला पटवायला बसलेली नाही.

माझं नाव मंगला. मी तंजावूरची. आम्ही घरात मराठी बोलतो, पिढ्यान् पिढ्या बोलत आलोय, पण देवनागरी वाचणारे आमच्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला लिहिता येतं. तरी चुका दिसतील, त्या पोटात घाला. आज जरा जास्तच असतील.

एका हातानं टाइप करतेय...

का, ते शेवटी सांगते.

गोष्ट माझ्या मामाची. रघुराममामाची. सत्त्याण्णव साल, ऑक्टोबर, आयुधपूजेचा दिवस. तुम्ही ज्याला खंडेनवमी म्हणता तोच. आणि रात्रीची नाही हां ही गोष्ट. भर दुपारची. भुताला रात्रच लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तंजावूरच्या गल्लीतली दुपारी दोनची शांतता ऐकलेली नाही.

मामाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तेव्हा गावात अशी दुकानं तीन की चार. मामा हुशार, हाताचा हलका, आणि जिभेचा तिखट. देवाधर्माचं त्याला वावडं नव्हतं, पण भीती अजिबात नव्हती. मामीनं सांगितलं म्हणून पूजा करायचा, एवढंच.

आता आमच्याकडची रीत ऐका, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या दिवशी हत्यारं, मशीनं, पुस्तकं सगळी देवापुढं मांडतात. चंदन-कुंकवाचं बोट लावतात. आणि एकदा बोट लागलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत, म्हणजे विजयादशमीच्या सकाळपर्यंत, त्यांना हात लावायचा नाही. शिंपी कात्री धरत नाही. पोरं पुस्तक उघडत नाहीत. हत्याराला वर्षातून एक दिवस विसावा.

मामाची पूजा नुकतीच झाली होती. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, सोल्डरिंगची काडी, सगळं पाटावर होतं.

आणि दारात भुवना आली.

भुवना म्हणजे सीतारामरावांची मुलगी. सीतारामराव सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला, मामानंच जोडून दिला होता. त्याच वर्षी मे महिन्यात ते गेले. झोपेतच.

"अण्णा, अप्पांचं मशीन चालू होत नाही," ती म्हणाली. "माझा अख्खा प्रबंध त्यात आहे."

चार वर्षं ती पापनाशमच्या शेतांतून हिंडली होती. भातावरच्या करपा रोगानं धरलेली कणसं मोजत. तो सगळा प्रबंध अप्पांनी टाइप केला होता. आणि त्यांची एक जुनी सवय होती. पान टाइप झालं की मसुद्याचं पान उभं फाडायचं. म्हणजे तेच पान दोनदा टाइप होत नाही. कचेरीत तीस वर्षं तसंच केलं, घरीही तसंच केलं.

म्हणजे कागदावर काहीच उरलं नव्हतं.

अप्पा गेल्यावर तिचं पाऊल त्या खोलीत पडत नव्हतं. पाच महिने मशीन कापडाखाली. प्रबंध द्यायची शेवटची तारीख सोमवार. बाइंडिंगवाल्यानं शनिवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, पानं मागितली होती. नाही दिला तर पदवी गेली, आणि पदवीवर कॉलेजातली नोकरी ठरली होती, तीही गेली. काल संध्याकाळी तिनं मन घट्ट करून बटण दाबलं, तर पडद्यावर फक्त एक ओळ.

मामानं पाटावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला.

"अहो!" मामी ओरडली. "आत्ता तर बोट लावलं! उद्या सकाळी जा की!"

"उद्या जाऊन काय करू? त्या पोरीच्या चार वर्षांची पूजा करू?" मामानं स्क्रूड्रायव्हर लुंगीला पुसला, पँट चढवली, पिशवी घेतली आणि स्कूटरला लाथ मारली.

मेल वीथी म्हणजे आमचा पश्चिमेचा रस्ता, त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. गल्लीतल्या प्रत्येक दारावर केळीचे खुंट आणि आंब्याची पानं. स्कूटरींना हार. फक्त ह्यांच्या दारावर काहीच नाही. मामाच्या ते नजरेत आलं, पण त्यानं मनावर घेतलं नाही.

भुवनाची आई, अंबाकाकी, दारातच उभी होती. "ये बाळा. पण आज का रे? आज त्यांनी कधी मशीनला बोट लावू दिलं नसतं. उद्या पाहा की."

"काकी, उद्या उशीर होईल."

बाजूला सरायला तिला वेळ लागला.

खोली छोटी. एक खिडकी, एक टेबल. भिंतीवर सीतारामरावांचा फोटो. भुवनानं मशीनवरचं कापड काढलं.

कॅबिनेटवर चंदनाचा टिळा होता. वर कुंकू...

ओलं.

मामाला वाटलं, काकीनं सकाळी पूजा केली असेल. त्यानं काहीच विचारलं नाही. खुर्ची ओढली आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. पडद्यावर तीच ओळ. नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर.

मामा हसला. ही ओळ त्याच्या रोजच्या ओळखीची. मशीन पहिल्यांदा फ्लॉपीत पाहतं, मग हार्ड डिस्ककडे जातं. फ्लॉपी आतच विसरली की ते तिथंच अडतं. त्यानं वाकून पाहिलं. होतीच! फ्लॉपी आत होती.

"ही कुणी ठेवली?"

"मी नाही," भुवना म्हणाली. "काल मी पाहिलं होतं, आत काही नव्हतं."

"घाईत दिसली नसेल." मामानं ती काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि मशीन पुन्हा चालू केलं.

पुन्हा तीच ओळ.

बरं. मग बॅटरी बसली असेल, हार्ड डिस्कचा हिशेब मशीन विसरलं असेल. मामा सेटअपमध्ये गेला. खरंच, डिस्कच्या जागी काहीच नव्हतं. जोडताना वहीत टिपून ठेवलेले डिस्कचे आकडे त्यानं एकेक भरले आणि पुन्हा सुरू केलं.

पुन्हा तीच ओळ.

त्यानं सहज खाली पाहिलं...

फ्लॉपी आत होती.

मामाचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा.

मला सांगताना म्हणाला, "मंगे, मी स्वतःला शिव्या दिल्या. म्हटलं, रघ्या, तू काढलीच नसशील." त्यानं फ्लॉपी पुन्हा काढली. ह्या वेळी भुवनाच्या हातात दिली. "धर. सोडू नको."

"अण्णा, उद्या पाहू या का?" ती हळूच म्हणाली.

"आता तूही?" मामा खेकसला. खरं तर तेव्हाच उठायला हवं होतं. पण मामा तो मामा. एखाद्या मशीननं त्याला नाही म्हटलं की त्याचं टाळकं फिरायचं.

त्यानं स्क्रू काढले. झाकण बाजूला ठेवलं.

आत सगळं नीट होतं. डिस्कला मशीनशी जोडणारी वायरची पट्टी घट्ट बसलेली. बटण दाबल्यावर पंखा फिरायचा, पण हार्ड डिस्क गप्प. कान लावला तरी फिरण्याचा आवाज नाही. मामाला कारण उमगलं. पाच महिने बंद, दमट हवा, आतली तबकडी चिकटली. ह्याला त्याच्याकडे इलाज होता. डिस्क हातात घ्यायची, मनगटाला एक झटका द्यायचा, आडवा, हलका. चिकटलेली तबकडी सुटते. दहातल्या आठ वेळा जमतं. हाताला सवय हवी फक्त.

तो डिस्क सोडवायला वाकला, तेवढ्यात करंट गेला.

पंखा थांबला. पडदा काळा झाला. गल्लीतला कुणाचा तरी रेडिओ गप्प झाला.

आणि त्या शांततेत...

टक. टक-टक. टक.

आवाज डिस्कमधून येत होता.

मामानं भिंतीकडे पाहिलं. हात लांबवून प्लगचं बटणही बंद केलं. मशीनला कुठूनच करंट नव्हता.

टक-टक-टक. टक-टक. टक. मग थोडं थांबून एक लांब, घसरता आवाज. पुन्हा टक-टक-टक.

भुवना भिंतीला टेकली. हातातली फ्लॉपी तिनं छातीशी धरली होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"अण्णा... हे अप्पा आहेत."

"गप."

"अप्पांच्या जुन्या टाइपरायटरचा आवाज आहे हा. ओळ संपली की ते रूळ असाच सरकवायचे. मी ह्या आवाजावर झोपायची अण्णा, मला कळत नाही का?"

मामानं मलाच कबूल केलं, त्या वेळी त्याची पाचावर धारण बसली होती. पण तो उठला नाही. भीती वाटली की काही माणसं पळतात, काही चिडतात. मामा चिडला. त्यानं भराभर उरलेले स्क्रू काढले आणि डिस्क ओढून बाहेर काढली.

आवाज थांबला.

डिस्क त्याच्या उजव्या हातात होती. गार. ऑक्टोबरच्या उकाड्यात बर्फासारखी गार.

त्याची नजर स्वतःच्या हातावर गेली. हाताच्या पाठीवर चंदनाचा टिळा. वर कुंकू. त्याला वाटलं, कॅबिनेटवरचं पुसून लागलं असेल. पण कॅबिनेटवरचा टिळा जसाच्या तसा होता.

"एकच झटका," तो पुटपुटला, आणि त्यानं मनगट फिरवलं.

फिरवलं म्हणजे, फिरवायला गेला...

हात नव्हताच.

होता, दिसत होता. पण खांद्यापासून खाली काहीच कळेना. बोटं आपली आपण उलगडली, जसा झोपलेल्या माणसाचा हात सैल पडतो तशी.

डिस्क खाली पडली. खाली कडप्पा होता.

तो आवाज मामा शेवटपर्यंत विसरला नाही. आणि त्यानंतर डिस्कच्या आत काहीतरी सुटं झाल्याचा आवाज, किणकिण. ज्याला ह्या धंद्यातलं कळतं तो ह्या आवाजावरूनच ओळखतो. ती डिस्क संपली होती.

भुवना ओरडली नाही. खाली बसली आणि डिस्क मांडीवर घेतली.

अंबाकाकी धावत आली. तिनं आधी डिस्ककडे पाहिलं, मग मामाच्या लोंबत्या हाताकडे. हातावरचा टिळा पाहिला आणि दाराची चौकट धरली.

"हे कोणी लावलं तुला?"

"तुम्हीच मशीनला लावलंत ना सकाळी? त्याचंच—"

"मी?" काकी म्हणाली. "अरे, घरातला माणूस जाऊन वर्ष झालं नाही. ह्या घरात यंदा सण कोठला, पूजा कोठली? मी चंदन उगाळलंच नाही."

काकी खाली बसली आणि म्हणाली, "ते असंच करायचे. दोन टिळे. एक मशीनला, एक चालवणाऱ्या हाताला. म्हणायचे, वर्षभर राबतो तो हातही, त्यालाही विसावा पाहिजे. मग त्या दिवशी उजव्या हातानं पेलाही उचलायचे नाहीत. जेवणसुद्धा मी भरवायची. म्हणून मी म्हणाले रे बाळा, उद्या ये."

मामानं डाव्या हातानं पिशवी भरली. डिस्क घेतली, दुकानात नेऊन पाहतो म्हणाला. खोटं बोलला. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. स्कूटर तिथंच ठेवून चालत घरी आला.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. हात तसाच लोंबता. मामा सकाळी दुकानात बसला होता, समोर मेलेली डिस्क. फोन वाजला.

भुवना होती. रडत होती की हसत होती, कळेना.

"अण्णा! कधी आणून बसवलीत? सांगायचं तरी!"

"काय बसवलं?"

"डिस्क! मशीन चालू झालंय. प्रबंध दिसतोय!"

मामानं टेबलावर पाहिलं. डिस्क तिथंच होती.

तो कसा पोचला त्याला आठवत नव्हतं. खोलीत भुवना वही घेऊन बसलेली, काकी तिच्या मागं उभी. पडद्यावर अक्षरं. पहिलं प्रकरण, पापनाशम तालुका, शेतांची नावं, कणसांचे आकडे. पान आपलं आपण वर सरकत होतं. हळू, माणसाला उतरून घेता येईल इतकं हळू.

कॅबिनेटचं झाकण कालपासून उघडंच होतं. मामानं आत पाहिलं. डिस्कची जागा रिकामी. पट्टी नुसती लोंबत होती.

त्यानं प्रबंध उतरवून घ्यायला फ्लॉपी घालून पाहिली, की-बोर्ड बडवला. मशीन ऐकेना. ते फक्त दाखवत होतं. कॅबिनेटवर टिळा नव्हता. पुसल्याचा डागही नव्हता.

"लिही," मामा म्हणाला. "मी वाचतो, तू लिही."

त्याच्या उजव्या हातात पेन धरायची ताकद नव्हती. दोघांनी लिहिलं असतं तर... जाऊ दे. तो वाचत राहिला, ती लिहीत राहिली. काकीनं दोघांना दहीभात भरवला. कुणी उठलं नाही. भुवनाच्या बोटाला फोड आला, तो फुटला, तरी ती लिहीत होती. चार प्रकरणं झाली. पाचवं सुरू झालं. निष्कर्षाचं.

बाहेर अंधारून आलं. काकीनं फोटोपुढं दिवा लावला.

पडदा काळा झाला.

मग एकच ओळ. नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर.

आणि त्याच क्षणी मामाच्या बोटांना मुंग्या आल्या. हात परत आला.

शेवटची बावीस पानं राहून गेली. त्यांतच सगळं सार होतं. भुवनानं ती आठवून लिहिली, रविवारी दिवसभर पानं टाइप करून घेतली, सोमवारी बाइंडिंगशिवायच दिली. प्रबंध परत आला. निष्कर्ष आकड्यांशी जुळत नाहीत म्हणाले. पुन्हा शेतं, पुन्हा मोजणी. पदवी दोन वर्षांनी मिळाली. ती नोकरी तोवर दुसऱ्याला गेली होती. भुवना मामाला कधी एका शब्दानं बोलली नाही. त्याचंच त्याला जास्त लागलं.

"मंगे, त्या माणसानं माझ्याकडे एकच दिवस मागितला होता," मामा म्हणायचा. "शनिवारी सकाळी झटका दिला असता तर डिस्क फिरली असती. अख्खा प्रबंध मिळाला असता. त्यांनी परोपरीनं सांगितलं. मीच ऐकलं नाही."

त्यानंतर दर वर्षी खंडेनवमीच्या दुपारी मामाचा उजवा हात जायचा. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. मामी त्याला भरवायची. दुसऱ्या दिवशी दिवे लागले की हात परत. अठ्ठावीस वर्षं हे चाललं. मी स्वतः पाहिलंय.

ती डिस्क त्यानं फेकली नाही. दुकानाच्या खणात, त्याच स्क्रूड्रायव्हरशेजारी ठेवली होती.

यंदा जूनमध्ये मामा गेला.

दुकान आता मी पाहते. मामी म्हणाली, यंदा पूजा नाही. मी म्हटलं बरं. काल खंडेनवमी. मी शटर अर्धं वर करून बसले होते. एक बाई लॅपटॉप घेऊन आली. सुरू होत नव्हता. आत तिच्या मुलाचे फोटो होते, तो मुलगा आता नाही. ती इतकी रडली की मला नाही म्हणवेना.

मी खण उघडला...

डिस्कवर टिळा होता. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवरही होता.

ओला. मी चंदन उगाळलं नव्हतं. त्या बाईआधी दुकानात कुणी आलं नव्हतं, आणि खणाची किल्ली माझ्या कमरेला होती.

मला सगळं ठाऊक होतं. माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ती बाई समोर रडत होती, आणि मला वाटलं, दोन मिनिटांचं तर काम. मी मुठीवरचा टिळा पदरानं पुसला आणि पहिला स्क्रू फिरवला.

हाताच्या पाठीला काहीतरी गार लागलं.

आज विजयादशमी. ह्या ओळी मी डाव्या हातानं लिहितेय. लॅपटॉप दुकानात तसाच पडलाय, त्या बाईचा फोन चार वेळा येऊन गेला, मी उचलला नाही.

मामाचा हात दिवेलागणीला परत यायचा.

दिवे लावून दोन तास झाले. मी पुन्हा पुन्हा बोटं हलवून पाहतेय...

माझा अजून आलेला नाही.